नाव नसलेला पदार्थ

रोहिणी लागल्या, नवतपा सुरू झाला, की आमच्या नागपूरकडे माणसाला दुसरा विषयच सुचत नाही. पारा ४५-४६ वर, भर दुपारी रस्ते सुनसान, खिडकीत कूलर आणि कूलरला वाळ्याची ताटी. पोरी स्कूटीवर निघाल्या की डोळे तेवढे उघडे ठेवून तोंडाला दुपट्टा गुंडाळतात. मग एखाद्या संध्याकाळी पश्चिमेकडचं आभाळ तांबूस होतं, झाडं एकदम गप्प होतात आणि बघता बघता धूळ उठते. शहरात आपण दारं-खिडक्या लावून घेतो, वीज गेली म्हणून कुरकुरतो, दुसऱ्या दिवशी ओट्यावरची धूळ पुसतो. झालं!

पण मैत्रिणींनो, खेड्यात, शेतावर दिवस काढलेल्या बाईला विचारा. तिच्यासाठी वादळ इतकं सोपं कधीच नव्हतं.

माझं माहेर उमरेड तालुक्यातलं. घर कवेलूचं, मागे बैलांचा कोठा, आणि कोठ्याला लागून कडब्याची गंजी. आमच्याकडे या वादळाला वावधन म्हणायचे. शास्त्र सांगतं की, मे महिन्यात जमीन तापते, ढग चढतात, आणि त्या ढगांतून थंड झालेली हवा धाडकन खाली येऊन जमिनीवर पसरते. आमच्याकडे नेमकी त्याच दिवसांत वावरं वखरून उघडी पडलेली असतात. काळी माती पिठासारखी कोरडी. ती सगळी उठते. आणि हे सगळं होतं दिवस कलताना, म्हणजे नेमकं सांजच्या स्वयंपाकाच्या वेळेला!

वावधन सुटलं की घरातल्या बाईचं पहिलं काम काय, सांगा बरं? वाळवण उचलणं? नाही. पहिलं काम चूल विझवणं. चुलीतली एक ठिणगी उडून गंजीवर पडली तर कडबा, कोठा, बैल, सगळंच जायचं. उन्हाळ्यात अशी आख्खी गावं जळालेली म्हाताऱ्यांनी पाहिलेली होती. त्यामुळे भाजी अर्धी शिजलेली असो की तव्यावर भाकर असो, पाणी मारून चूल थंड करायची. मग धावायचं ते वाळवणाकडे. खाटेवर टाकलेले ज्वारीचे धापोडे, खारोड्या, मुगवड्या, कुरडया लुगड्यासकट गुंडाळून घरात आणायच्या. पिठाच्या डब्यावर परात उपडी घालायची, माठाच्या तोंडावर ओलं फडकं बांधायचं, पोरं मोजायची, वासरं आत घ्यायची. एवढं करूनही रात्री भाकरीचा घास तोडला की दाताखाली कचकच ठरलेलीच.

चूल विझली म्हणून कुणी उपाशी झोपायचं नाही. त्या दिवशी आंबील कामी यायची. ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात किंवा नुसत्या पाण्यात आंबवून ठेवलेलं असायचं. सकाळी शिजवून मडक्यात ठेवलेली आंबील, वरून लसणाची फोडणी असली तर असली, नाहीतर मीठ आणि हिरवी मिरची. वादळात पडलेल्या कैऱ्या पोरं वेचून आणायची. त्यांचा रात्रीतून टक्कू व्हायचा. कैरी किसायची, कांदा, तिखट, मीठ, गुळाचा खडा. जास्त कैऱ्या असल्या तर फोडी करून मीठ लावून वाळत घालायच्या, त्या वर्षभर वरणात जायच्या. वादळानं दिलेलं असं काही वाया गेलेलं मला आठवत नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला छान वाटलं असेल. माहेरची आठवण आली असेल. आणि मला नेमकं तिथंच थांबून बोलायचं आहे.

गेल्या काही वर्षांत जुन्या कष्टाच्या दिवसांचं खाणं एकदम मानाचं झालं आहे. हायवेवर 'चुलीवरचं जेवण' अशा पाट्या दिसतात. हुरडा पार्ट्या होतात. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानं भरडधान्यांचं वर्ष म्हणून पाळलं, तेही आपल्याच देशाच्या प्रस्तावावरून. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात या धान्यांना 'श्रीअन्न' असं नाव मिळालं. आपल्या ज्वारीच्या नावाआधी 'श्री' लागला! ऑगस्ट आला की कृषी विभागाचे रानभाजी महोत्सव भरतात आणि तरोटा, कुड्याची फुलं, अंबाडी यांच्यासमोर लोक फोटो काढतात. मला या सगळ्याचा आनंदच आहे. ज्या तरोट्याच्या भाजीला 'गरिबाची भाजी' म्हणून नाक मुरडलं जायचं, ती आज ताटात मानानं बसते, ही चांगलीच गोष्ट आहे.

पण या सगळ्यात एक गोष्ट गाळली जाते. चव आठवते, भूक आठवत नाही. पदार्थाची कृती लिहिली जाते, पण तो पदार्थ त्या घरात का झाला, कुणाच्या ताटात किती गेला आणि करणारीच्या ताटात काय उरलं, हे कुणी लिहीत नाही. माझं म्हणणं एवढंच की, हे दोन्ही एकत्र लिहिलं पाहिजे. नाहीतर आपण आपल्या आई-आज्यांचं अर्धंच खरं सांगतो आहोत.

१९७२ चा दुष्काळ घ्या. मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राला त्याची झळ अधिक बसली, पण आमच्या विदर्भातही दिवस कठीणच होते. त्याच्या आधीची एक-दोन वर्षंही बऱ्याच भागात पावसानं दगा दिलेला होता. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडणं, पाझर तलाव खणणं, नाल्याचे बांध घालणं, रस्ते. त्यात बायकांची संख्या मोठी होती, लेकरं पाठीशी किंवा झाडाच्या झोळीत. या कामांवर सुकडी वाटत. त्या वेळी मुलं असलेल्यांना सुकडीची गोडी अजून आठवते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या रोजगार हमी योजनेला याच दुष्काळात खरं बळ मिळालं. पुढे १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताक दिनापासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, आणि बाईला पुरुषाइतकीच मजुरी. त्या काळी ही लहान गोष्ट नव्हती.

त्याच सुमारास, १९७२ मध्ये, मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत हजारो बायका हातात लाटणं घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर उतरल्या. लाटणं मोर्चात आलं ते काही नुसती गंमत म्हणून नव्हे. पोळी लाटायला पीठच परवडत नसेल तर लाटणं घरात ठेवून करायचं काय?

रेशनवर तेव्हा मिलो मिळायचा. आजच्या मुलींना हे नावही माहीत नसेल. मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. आमच्या घरी त्या पिठाला चिकटपणाच नसे. भाकर थापायला घेतली की काठ फाटायचे. मग बायकांनी युक्ती काढली. आधी पाण्याला आधण आणायचं, त्यात पीठ टाकून उकड काढायची, मग मळायचं आणि लहान लहान भाकरी थापायच्या. गरम असेतो खाल्ली तर जाई, गार झाली की चामड्यासारखी. लेकरं रडायची, 'लाल भाकर नको' म्हणायची. तेव्हा अंबाडीच्या भाजीत मिलोच्या कण्या घालून त्या शिजवल्या जायच्या. आंबटपणात तो लाल रंग आणि ती चव बुडून जायची. आता सांगा, ही पाककला नाही तर काय आहे?

या मिलोची एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. हे धान्य अमेरिकेत मुख्यतः पिकतं ते कॅन्सस, टेक्सास या सपाट मुलखात. त्याच मुलखानं १९३० च्या दशकात धुळीची भयंकर वादळं भोगली. तिथल्या लोकांनी गव्हाच्या भावाच्या मोहात मैलोन् मैल गवताळ जमीन नांगरून काढली होती. गवतानं माती धरून ठेवलेली असते. गवत गेलं, मग पाऊसही गेला आणि माती उडाली. १४ एप्रिल १९३५ चा रविवार तिथं 'काळा रविवार' म्हणूनच ओळखला जातो. भर दिवसा हाताला हात दिसेना इतकी धूळ आली होती. तिथल्या शेतकरी बायका खिडक्यांना ओल्या चादरी बांधत. टेबलावर ताटं-कप उपडे मांडून ठेवत आणि वाढायच्या क्षणीच उलटे करत. काही ठिकाणी तर खायला दुसरं नाही म्हणून काटेरी रानझुडपाची कोवळी पानं मिठाच्या पाण्यात घालून ठेवत. चाऱ्यावाचून गुरं मरायला टेकली, तेव्हा १९३४ मध्ये सरकारनं ती विकत घेतली आणि त्यातली कितीतरी तिथंच मारून टाकावी लागली.

उपडी ताटं, ओल्या चादरी, रानपाला, मरायला टेकलेली गुरं. वाचताना मला वाटत होतं की हे आपल्याकडचंच चाललं आहे. आपल्याकडे पिठावर उपडी परात, माठाला ओलं फडकं, तरोट्याची भाजी, आणि बाजारात पडेल त्या भावानं गेलेली बैलजोडी. धूळ आणि भूक यांच्यापुढे कॅन्ससची बाई आणि उमरेडची बाई एकच युक्ती करत होत्या, एकमेकींचं नावही माहीत नसताना. आणि त्या धुळीच्या मुलखातलं धान्य चाळीस वर्षांनी आमच्या चुलीवर आलं!

आता आमच्याकडच्या आणखी एका दाण्याबद्दल सांगते. तो म्हणजे लाखोळी. नागपूर, भंडारा, चंद्रपूरकडच्या वाचकांना सांगायला नको. धानाच्या बांधीत, धान उभं असतानाच ओलीवर लाखोळी फेकतात. वेगळी मशागत नाही, पाणी नाही, तरी येते. दुष्काळात सगळं करपलं तरी ही डाळ उभी राहते. म्हणून ती गरिबाची डाळ. आमच्या लहानपणी मालकाच्या घरी तुरीचं वरण आणि सालदाराच्या घरी लाखोळीचं, हे जणू ठरलेलंच होतं. पण हीच डाळ दुसरं काही न मिळता महिनोन् महिने पोटभर खाल्ली, तर पायातलं बळ जातं आणि माणूस कायमचा पांगळा होऊ शकतो. म्हणून १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. महाराष्ट्रात ती बंदी २००८ मध्ये उठली.

जाणत्या बायकांना यातलं मर्म माहीत होतं. डाळ गरम पाण्यात भिजत घालायची, ते पाणी फेकून द्यायचं, पुन्हा नवं पाणी घालून शिजवायची, आणि रोज एकटी तीच खायची नाही, सोबत ज्वारी हवी, पालेभाजी हवी. कुठल्या प्रयोगशाळेत न जाता आलेलं हे शहाणपण. पण मैत्रिणींनो, डाळीचं पाणी फेकायला आधी पाणी हवं ना! ज्या घरात कोसावरून एक घागर येते, तिथं बाई भिजवलेलं पाणी फेकेल कशी? आणि ज्या घरात ज्वारीच संपली, तिथं सोबतीला काय घेईल? कृती माहीत असून उपयोग नाही, अशी वेळ आली की मग पाय जातात. म्हणून मी म्हणते, कृतीसोबत दिवस लिहा. कोणत्या दिवसात ती कृती चालली आणि कोणत्या दिवसात चालली नाही, तेही लिहा.

माझ्या मोठ्याआईशी, म्हणजे माझ्या मोठ्या चुलतीशी, याच विषयावर बोलणं झालं होतं. तिनं पंचाहत्तरी ओलांडली होती तेव्हा. बाहत्तरच्या साली ती तिशीच्या आतली, पदरी चार लेकरं, सासू, दीर, आणि काका कामाच्या शोधात बाहेर. मी वही घेऊनच बसले होते. मिलोची भाकर, कण्या, आंबील, सगळं तिनं भराभर सांगितलं. सांगताना खुलली होती. हातानं थापून दाखवत होती. मग मी विचारलं, "मोठीआई, तू केव्हा जेवत होती?"

ती हसली. म्हणाली, "पोट्टे जेवले का आपलं पोट भरते, बाई."

असं उत्तर आपल्या सगळ्यांना पाठ आहे. आपण ते ऐकतो, डोळे पुसतो, 'आई म्हणजे आईच' म्हणतो आणि पुढे जातो. मी पुढे गेले नाही. म्हटलं, "ते राहू दे. तू काय खात होती, ते सांग."

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "काठवट धुतली का ते पाणी फेकाचं नाही. पीठ राहते ना त्याले लागलेलं. मीठ टाकून ऊन कराचं, अन् प्याचं. मंग निजाचं."

"त्याला काय म्हणत होते?"

"त्याले कायचं नाव राहते, बाई!"

मैत्रिणींनो, आपल्याकडे पाककृतींच्या पुस्तकांना तोटा नाही. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० मध्ये आलं, म्हणजे त्या दुष्काळाच्या अगदी तोंडावर, आणि कितीतरी नव्या नवरीच्या पेटीत गेलं. अशा पुस्तकांचं ऋण मोठं आहे. माझ्या स्वयंपाकघरातही ती आहेत. पण काठवट धुतलेल्या पाण्याचा पदार्थ कुठल्या पुस्तकात मिळणार? त्याला नावच नाही. साहित्य : पिठाचं धुवण, मीठ. वाढणी : एकीसाठी. तरीही एका बाईनं, आणि कुणी सांगावं, आणखी किती जणींनी, त्याच्यावर दिवस काढले आणि सकाळी उठून खडी फोडायला गेल्या.

कुणी म्हणेल, कशाला जुनी दुःखं उकरून काढायची? म्हाताऱ्या बायका स्वतःही म्हणतात, 'त्यात काय सांगण्यासारखं?' मला वाटतं, सांगण्यासारखं पुष्कळ आहे, कारण ती पद्धत अजून मोडलेली नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. आज १९७२ सारखी टंचाई नाही. रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, घरात गॅस आहे, आणि हे मोठं काम झालं आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी बाईचं रक्त कमीच. सगळ्याच दोष ताटाचा नसेल, पण सगळ्यांचं झाल्यावर उरलंसुरलं खायची सवय ही दुष्काळानं लावलेली नाही. दुष्काळात ती फक्त ठळक दिसते. 'अन्नपूर्णा' म्हणून बाईची आरती करायची आणि तिच्या ताटात डोकावून पाहायचं नाही, ही आपली जुनी रीत आहे.

चुलीचंही तसंच. चुलीवरच्या भाकरीची चव वेगळी, हे मलाही मान्य. पण हॉटेलात चुलीवरचं खाऊन येणाऱ्यानं एकदा फुंकणी हातात घ्यावी. पावसाळ्यात ओल्या पऱ्हाटीचा धूर बंद घरात कसा भरतो, ते पाहावं. घरातल्या धुरानं फुप्फुसाचे आजार होतात, हे डॉक्टर कधीपासून सांगत आहेत. आमच्या गावातल्या कितीतरी म्हाताऱ्यांचा खोकला हा चुलीचाच खोकला होता. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली तेव्हा खेड्यातल्या बायकांनी सिलिंडरची वाट का पाहिली, हे त्या खोकल्याला विचारा. सिलिंडर भरून आणायला पैसे नसले की आजही ती चूल पुन्हा पेटते, आणि ती काही हौसेनं पेटत नाही.

आणि ज्वारी? श्रीअन्न झाली खरी, पण आमच्या वावरांतून ती गेली. सोयाबीन आलं, कपाशी वाढली. शेतकऱ्याला दोष द्यायचा नाही. ज्वारीला भाव नाही, कणसावर पाखरं, रात्री रानडुकरं, कापणी-मळणीला मजूर नाही. सोयाबीन चार महिन्यांच्या आत निघतं आणि रोख पैसा देतं. पण घरातल्या बाईच्या बाजूनं पाहा. ज्वारी पिकायची तेव्हा दाणे घरात, कडबा बैलांना, बैलांचं शेण गोवऱ्यांना आणि खताला. पाऊस कमी झाला तरी थोडंफार हाताला लागायचं. सोयाबीन वावरात पिकतं, पण चुलीवर शिजत नाही. पोतं बाजारात जातं आणि तेलाची पिशवी दुकानातून विकत आणावी लागते. भाव पडला की त्या वर्षी कोठीत दाणाही नाही आणि हातात पैसाही नाही. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांच्या बातम्या आपण गेली पंचवीस-तीस वर्षं वाचतो आहोत. त्या घरांमागे राहिलेल्या बायका काय शिजवतात, हा प्रश्न बातमीत नसतो. पण खरा दुष्काळ तिथं आहे. आणि तिथल्या बाईला श्रीअन्नाच्या लाडवापेक्षा ज्वारीला भाव, रानडुकरांपासून संरक्षण आणि स्वतःच्या नावावर चार एकराचा सातबारा जास्त उपयोगी पडेल.

मग आपण काय करायचं? मोठमोठ्या गोष्टी सरकारनं करायच्या, त्या मागत राहायच्या. पण एक काम आपल्याच हातातलं आहे, आणि ते आत्ताच करावं लागेल. १९७२ मध्ये ज्या बायका संसारात होत्या, त्या आता सत्तरी-पंचाहत्तरी पार केलेल्या आहेत. माझी मोठीआई आता नाही. तिच्याजवळचं जे वहीत उतरलं तेवढंच राहिलं.

हे काम होऊ शकतं, याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या दोघांनी गावोगावच्या सोबतिणींना घेऊन जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एक लाखाहून अधिक ओव्या! गिरण्या आल्या, जाती अडगळीत गेली, पण बायकांचं बोलणं राहिलं. तसं चुलीपुढचं का राहू नये?

उलट बाजूचाही एक दाखला देते. अमेरिकेच्या त्याच मंदीच्या काळातला एक फोटो जगप्रसिद्ध आहे. १९३६ मध्ये डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात शेतमजुरी करणाऱ्या एका बाईचा तो काढला. कपाळावर आठ्या, हात गालाशी, दोन लेकरं खांद्याआड तोंड लपवून. फोटो जगभर गेला, टपाल तिकिटावर, पुस्तकांत. पण ती बाई कोण, तिचं नाव फ्लॉरेन्स थॉम्पसन, हे जगाला कळलं १९७८ मध्ये. बेचाळीस वर्षं लोक तिचा चेहरा पाहत राहिले. तिचं काय म्हणणं आहे, हे विचारायला कुणाला सुचलं नाही. आपल्या घरातही भिंतीवर असे फोटो असतातच की, हार घातलेले.

तेव्हा या उन्हाळ्यात, वाळवणं घालताना म्हणा, पोरं आजोळी आल्यावर म्हणा, एक दोनशे पानी वही आणा. आई, सासू, मावशी, शेजारची काकू, शेतावर येणारी बाई, जी कुणी असेल तिच्याजवळ बसा. शेतावर येणाऱ्या बाईला तर नक्की विचारा, कारण मालकाच्या घरची आणि मजुराच्या घरची आठवण वेगळी असते. धापोड्यासाठी ज्वारी किती दिवस भिजवायची, खारोडीत तीळ कधी टाकायचा, तरोट्याची पानं कोणत्या पावसानंतर कोवळी असतात, हे लिहाच. प्रमाण वाटी-चमच्यात मिळणार नाही, ओंजळीत आणि चिमटीत मिळेल. तसंच लिहा. तिची बोली बदलू नका. आणि प्रत्येक पदार्थाखाली चार ओळी आणखी लिहा. कोणतं साल, घरात किती माणसं, धान्य कुठून आलं, कोण आधी जेवलं.

घरातल्या मुलांनाही जवळ बसवा, मुलींना तर बसवाच, पण मुलांनाही. ती वही मुलींच्या नावानं ठेवायची गरज नाही.

शेवटचा प्रश्न तेवढा चुकवू नका. "तू काय खात होतीस?" ती हसेल, विषय बदलेल, 'आमचं काय बाई' म्हणेल. थोडं थांबा. पुन्हा विचारा. ती जे सांगेल त्याला कदाचित नाव नसेल. बिनानावाचंच लिहा. आणि त्या दिवशी तिचं ताट सगळ्यांच्या आधी वाढा.